गाडीचं गाऱ्हाणं

माझी बायको गेली आणि वाडीतल्या सगळ्यांना एकदम गाडीतलं कळायला लागलं.

आधी कोणाला काही कळत नव्हतं. आनंदीला डायलिसिसला रत्नागिरीला न्यावं लागायचं म्हणून मी जुनी गाडी घेतली, तेव्हा हेच लोक म्हणाले होते की भिकाजीला मुंबईतली नोकरी संपल्यावर शौक सुचलेत. आता तीच गाडी घरापुढच्या खळ्यात उभी राहून आचके द्यायला लागल्यावर जो येतो तो बॉनेटकडे बघून मान हलवतो. ज्यांनी जन्मात सायकलची चेन बसवली नाही तेसुद्धा.

गाडीचं दुखणं असं होतं. सकाळी थंड असताना चालू केली की बरी चालायची. इंजिन तापलं की बिघडायची. पेडलवरचा पाय काढून नुसती उभी ठेवली की आवाज आपोआप चढायचा, कोणीतरी ॲक्सिलेटर दाबल्यासारखा. मग पडायचा. आता बंद पडते की काय असं वाटेपर्यंत पडायचा आणि पुन्हा चढायचा. रस्त्याला धावताना काही नाही. उभी राहिली की हे.

हे कधी सुरू झालं ते सगळ्यांना माहीत होतं, कारण दर्शनानेच सांगितलं होतं. दर्शना माझी सून. मुलगा सर्वेश मुंबईला असतो, ती इथे आमच्याजवळ राहिली. गाडी तीच चालवायची. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे आनंदीने तिच्या मागे लागून तिला शिकायला लावलं होतं. श्रावणात, त्या दिवशी रत्नागिरीहून परत येताना हातखंब्याच्या तिठ्यावर रस्त्याच्या कामाने गाड्या अडल्या होत्या. आनंदी पुढे, सीट मागे पाडून, डोळे मिटून. मशीनवरून उठवली की तिला तशी गुंगी यायचीच. गाडी उभी असताना इंजिन वर-खाली व्हायला लागलं. "आई, बघा ना हिला काय झालं," असं म्हणून दर्शनाने बाजूला बघितलं. आनंदी गेलेली होती.

हे तिने दिवसांच्या वेळी भेटायला आलेल्या बायकांना रडत रडत सांगितलं. सांगायला नको होतं. अशा वेळी जवळ बसणाऱ्या बायका पाठीवरून हात फिरवतात तो हात खरा असतो, पण कान त्याहून खरे असतात. महिना सरायच्या आत वाडीत झालं की आनंदीचा जीव गाडीत अडकलाय. गाडी चढते-पडते तो तिचा श्वास आहे. आणि मग पुढचं झालं, की ती उगाच अडकलेली नाही, सुनेवर रागावून अडकली आहे. सुनेने काहीतरी केलं असेल. वेळेवर पाणी दिलं नसेल.

माझी बायको मला पस्तीस वर्षं माहीत होती. ती रागावली की तोंडावर बोलायची आणि जेवायला वाढायची. गाडीच्या इंजिनात जाऊन बसणारी बाई नव्हती ती. आणि दर्शनावर ती रागावलेली मी तरी बघितली नाही. तिच्या पायांना सूज यायची तेव्हा दर्शना खाली बसून ते मांडीवर घेऊन चोळायची. मी ओटीवर बसून बघायचो. पण वाडीला बघितलेलं नको असतं.

दर्शनाने त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावला नाही. पालीच्या बाजाराला रिक्षाने जायची. मी म्हटलं, "चल, गाडी काढ." ती म्हणायची, "उद्या काढते, बाबा." गाडीपाशी वाळत घातलेले कपडे काढायला गेली तरी लांबून हात करून काढायची. पुढची सीट तशीच मागे पडलेली होती. ती कोणी सरळ केली नव्हती. मीही नाही.

भाद्रपदात एकदा मीच गाडी काढली, दिसत नसताना, आणि माझी चुलतवहिनी जनी पालीला यायचं म्हणून मागे बसली. फुकट जायचं असलं की तिला भूत-बित आठवत नाही. पालीच्या नाक्यावर उभा राहिलो आणि इंजिन चढायला-पडायला लागलं. जनी दार उघडून खाली उतरली ती पिशवी आत टाकूनच. त्या रात्री तिला ताप आला. ताप त्या आठवड्यात अर्ध्या गावाला आलेला होता, पण बाकीच्यांचा ताप डासाचा आणि जनीचा माझ्या बायकोचा.

"भावोजी, माज्या छातीवर कोन बसलंय असं झालं," ती आमच्या ओटीवर येऊन सांगत होती. "आनंदीचाच वास आला मला. ती लावायची ना त्या बामाचा."

"बामाची बाटली डॅशबोर्डच्या खणात आहे, वहिनी. झाकण लागत नाही तिचं."

"तुमी हसा. तुमाला काय, तुमचं माणूस व्हतं."

हे असं. तुमचं माणूस होतं, म्हणून तुम्हाला कळत नाही.

जनीचा नवरा बाबू माझा थोरला चुलतभाऊ. देवळात गाऱ्हाणं तोच घालतो. म्हणजे कोणाच्या घरी काही अडलं, जनावर आजारी पडलं, पोराला नोकरी लागत नाही, की नारळ पुढे ठेवून देवाला मोठ्याने सगळी हकीकत सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबूचा आवाज चांगला आहे. एवढीच त्याची शेती. बाकी बांधावर उभं राहून दुसऱ्याला सांगायचं, हा भारा असा नाही, तसा उचल.

तो आला. खळ्याच्या दगडी गडग्यावर बसला. तंबाखू मळली.

"भिका, मी काय सांगतंय ते नीट आयक. ही मशिनीची खोड नाय."

"मग कशाची?"

"तुला म्हायती हाय कशाची. सुनेनं एकदा गाडीफुडं उभं ऱ्हावून माफी मागायची. गाऱ्हाणं मी घालतो. नारळ, धूप. झालं."

"माफी कशाची?"

"काय चुकलं-माकलं असंल त्याची."

"काय चुकलंय?"

"ते त्या दोघी जानत. आपन कशाला इचारायचं?"

मी त्याला म्हटलं, दादा, तंबाखू संपली असेल तर ऊठ. तो उठला. पण बाबू उठला म्हणजे गेला असं होत नाही.

मी गाडी पालीला नितेशच्या गॅरेजला नेली. नितेशचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक फणसाचं झाड आणि एक स्पीकर. तो गाडी बघताना गाणं बंद करत नाही. आवाजाचं दुखणं घेऊन गेलेल्या माणसासमोर गाणं चालू ठेवणारा मेकॅनिक. त्याने प्लग बदलले. गाडी तशीच. एअर फिल्टर झटकला. तशीच. हवा घेण्याच्या तोंडाशी काळं साचलं होतं ते फवारा मारून धुतलं. दोन दिवस बरी वाटली, म्हणजे मला बरी वाटावी असं वाटत होतं. मग तशीच.

तिसऱ्या खेपेला त्याने एक स्क्रू पिळला आणि इंजिनाचा आवाज जास्त ठेवून दिला.

"आता बंद पडनार नाय, तात्या."

"पण चढते-पडते आहेच की."

"पडली तरी बंद पडनार नाय ना."

असा त्याचा धंदा. ताप आलेल्या माणसाला घोंगडी पांघरून म्हणायचं, आता थंडी वाजणार नाही. मी चाललो होतो तेव्हा तो मागून म्हणाला, "तात्या, ही कुटून तरी हवा खातेय बगा. नको तिथून हवा आत शिरली की अशी करतात जुन्या गाड्या. खोलून बगायला लागंल. कापनी झाली की आना, आता माजी पन भातं उभी हायत."

म्हणजे ह्याला माहीत होतं. माहीत असून प्लग विकले.

घरी येऊन मी स्वतः बघायला लागलो. तरुणपणी मी मुंबईत टेम्पो चालवलेला, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला कळतं. मला वाटलं, पेट्रोलमध्ये कचरा आहे. मी टाकी रिकामी केली, गाळून परत भरली, कपडे आठवडाभर वास मारत होते. काही फरक नाही. मग वाटलं, बॅटरीची वायर. ती घासली. संध्याकाळी शेतातून आलो की गाडी चालू करायची, तापू द्यायची आणि बॉनेट उघडून ऐकत उभं राहायचं. नळ्या किती असतात इंजिनात. काही पाण्याच्या, काही पेट्रोलच्या, काही नुसत्या हवेच्या. वरून सगळ्या धड दिसायच्या. मी वाकून दोन-चार दाबून बघायचो. मोतीबिंदूने सगळं धुक्यात.

वाडीत म्हणायला लागले की भिकाजी संध्याकाळचा बायकोशी बोलत उभा असतो.

सर्वेशला फोन केला. तो कुठल्या तरी वातानुकूलित जागेत बसून म्हणाला, "बाबा, तो सेन्सर असणार. मी व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओत एक गोरा माणूस हातमोजे घालून वेगळीच गाडी उघडत होता. मग म्हणाला, "नाहीतर विकून टाका ना. भंगारात दिली तरी सुटलात. कशाला डोक्याला ताप?"

"तुझी आई गेली त्या गाडीत."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

माझ्याच पोटचा आहे, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

अश्विन निम्मा गेला आणि भात पिकलं. आमच्याकडे कापणीला मजूर लावत नाहीत, मिळतही नाहीत. आज सगळी वाडी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कोणाचं कधी, ते बोलून ठरतं, आणि ते बोलणं बाबूच्या पडवीत होतं. यंदा सगळ्यांची शेतं ठरली. आमचं नाव कोणी घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बगू की. तुमचं मागनं घेऊ." खालच्या वाडीतल्या बायका दर्शनाशेजारी विळा घेऊन वाकायला तयार नव्हत्या, हे कोणी तोंडाने सांगितलं नाही. मात्र आमचे हात त्यांना चालले. मी आणि दर्शना दोघंही दुसऱ्यांच्या शेतात कापायला गेलो. तिथे जेवणाच्या वेळी बायका गोल करून बसल्या आणि दर्शनाचा डबा गोलाबाहेर राहिला. जागा केली असती तर झाली असती. ती बांधावर बसून जेवली. मी पुरुषांतून उठून तिच्याजवळ जाऊन बसलो, तर बाबू मोठ्याने म्हणाला, "सासऱ्याला बी सोडत नाय ती."

हसले सगळे. ज्याच्या शेतात कापत होतो तोही.

मग आम्ही दोघांनीच आमचं शेत धरलं. सकाळी दव असताना विळा चांगला चालतो, पण माझी कंबर तेव्हा चालत नाही. दर्शना पुढे कापत जायची, मी मागे कवळ्या गोळा करून बांधायचो. तिच्या तळहाताला फोड आला, फुटला, तिने कापडाची चिंधी बांधली. परतीचा पाऊस रोज दुपारी कातळाच्या बाजूने काळा होऊन यायचा. एका दुपारी तो पडलाच. कापून पसरलेलं भात भिजलं, उभं होतं ते आडवं झालं. चिखलात लोळलेली लोंबी हातात धरून दर्शना उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "बाबा, मी माफी मागते."

"कोणाची?"

"ते कोणाची म्हणतील त्यांची. दोन शब्द आहेत, बोलून टाकते. भात तरी घरात येईल."

"तू काय केलंयस?"

"काही नाही."

"मग?"

तिने चिंधी दातांनी घट्ट केली. मग म्हणाली, "मला कुठे नक्की माहीत आहे, बाबा? मी पुढे बघत होते. त्या कधी गेल्या तेच मला कळलं नाही. मी गाडीतच गाणं लावलेलं होतं."

हे तिने तोवर मला सांगितलं नव्हतं. सर्वेशला रात्री फोनवर विचारलं तर तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका. मी नाही म्हणालो नाही. बाबूकडे जाऊन सांगून आलो. त्याने बजावलं, "नारळ चांगला आन हां, पानी असलेला." बाबूला देवाची काळजी नसते, नारळाची असते.

गाऱ्हाण्याला सकाळची वेळ धरली. सगळी आली. कापणीला ज्यांना वेळ नव्हता त्या सगळ्यांना ह्याला वेळ होता. गडग्यावर पोरं, ओटीवर बायका, जनी सगळ्यांत पुढे नवं पातळ नेसून. बाबूने पांढरं धोतर, कपाळाला अंगारा. बॉनेट उघडायला लावलं, कारण आनंदी तिथे होती म्हणे. आणि गाडी चालू करायला लावली, कारण गाडी बंद असली तर ती ऐकणार कशी.

मी चावी फिरवली. गाडी थंड होती, नीट चालली. लोक जरा नाराज झाले. बाबू म्हणाला, "येळ लागतो. येईल." सगळे उभे राहिले इंजिन तापायची वाट बघत, एस.टी.ची वाट बघतात तसे. मग चढायला लागलं. वर, खाली. वर, खाली. नितेशने स्क्रू पिळून ठेवल्यामुळे आता आवाज आणखीच मोठा. बायकांनी पदर तोंडाला लावले.

दर्शनाला अनवाणी उभी केली. केस मोकळे सोडायला सांगितले होते. पदरात नारळ. बाबूने धुपाटण्यात निखारे घातले, वर ऊद टाकला आणि ते घेऊन इंजिनावर वाकायला लागला.

मी म्हटलं, "दादा, पेट्रोल आहे तिथे. विस्तव लांब धर."

"देवाच्या धुपानं काय व्हत नाय."

"देव पेट्रोलवर चालत नाही. लांब धर."

त्याने हातभर मागे धरलं. मला बघायला हवं होतं म्हणून मी बॉनेटच्या बाजूला उभा राहिलो, जळलं काही तर पोतं टाकायला. ओलं पोतं आणि बादलीभर पाणी मी जवळ ठेवलेलं होतं.

"बा देवा म्हाराजा," बाबूने आवाज लावला.

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या खळ्यात तुजी लेकरं जमलीत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरातली बाय वाटंवर गेली म्हाराजा. तिचा जीव ह्या गाडीत ऱ्हायलाय म्हाराजा. तिच्या सुनंच्या हातून जे काय चुकलंमाकलं असंल, शेवटच्या टायमाला पानी ऱ्हायलं असंल, शबूद वाकडा गेला असंल..."

"व्हय म्हाराजा."

ह्या 'व्हय'मध्ये जनीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. माझी बायको ज्यांच्या बाळंतपणांना रात्री कंदील घेऊन गेली त्या बायका 'व्हय' म्हणत होत्या. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी धुराकडे बघत होतो.

धूर इंजिनावर पसरत होता. इंजिनापुढच्या पंख्याच्या वाऱ्याने इकडेतिकडे फाटत होता. पंखा थांबला की सरळ वर जायचा. एकदा पंखा थांबला आणि मी बघितलं की सगळा धूर वर जातोय, पण एका जागी खाली जातोय. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जाड नळीच्या खाली. बारीक दोरीसारखा वळून तो तिथे आत ओढला जात होता. मला धुक्यातून दिसतं, पण धूर दिसला.

जनीलाही दिसला. "धूप घेतेय," ती म्हणाली. "बगा, बगा, आनंदी धूप घेतेय."

"व्हय म्हाराजा," कोणीतरी म्हणालं, नको तिथेच.

"बोल आता, बाय," बाबूने दर्शनाला सांगितलं. "आई, माजी चूक झाली, एवडंच बोल. मोट्यानं."

दर्शनाने तोंड उघडलं.

"थांब," मी म्हटलं.

बाबू म्हणाला, "भिका, मधी बोलायचं नाय."

मी वाकलो. गरम होतं. पोत्याचं ओलं टोक हाताला गुंडाळलं आणि धूर जात होता तिथे नळीच्या खालून बोट फिरवलं. अंगठ्याएवढी जाड रबरी नळी होती. वरून धड. खालून, जिथे वळते तिथे, उभी फाटलेली. फटीने पोत्याचं कापड आत ओढलं. मी कापड काढलं आणि उघडा अंगठा फटीवर दाबून धरला.

इंजिन चढलं, पडलं आणि थांबलं. म्हणजे बंद नाही पडलं, एका आवाजात चालायला लागलं. जरा जोरात, नितेशच्या स्क्रूमुळे, पण एका आवाजात.

मग बाबूने धुपाटणं कपाळाला लावलं. "शांत झाली," तो म्हणाला. "माफी मागायच्या आदीच शांत झाली. मोट्या मनाची बाय."

मी अंगठा काढला. इंजिन चढलं, पडलं, चढलं. अंगठा ठेवला. थांबलं. काढला. चढलं. मी हे करत राहिलो. अंगठा भाजत होता.

"भावोजी, असं करू नका वो," जनी म्हणाली. "तिला तरास व्हतो."

"नळी फाटलीय, वहिनी. हवा खाते."

"मंग धूप कसा घेतलान तिनं?"

ह्याला काय सांगायचं. मी त्यांच्यासाठी सांगत नव्हतोच. मी दर्शनाला म्हटलं, "तो नारळ खाली ठेव आणि इकडे ये."

ती जागची हलली नाही. नारळ पदरात घट्ट धरून उभी होती. बाबू म्हणाला, "नारळ खाली ठेवायचा नसतो आता."

"दर्शना, ये."

तिने नारळ खळ्यातल्या जमिनीवर ठेवला. तो थोडा घरंगळला. ती आली, केस मोकळे, एका हाताने मागे धरून. मी तिच्या हातावरची चिंधी सोडली, पाण्यात बुडवली, तिच्या अंगठ्याला गुंडाळली आणि तिचा हात धरून नळीखाली नेला. "इथे. फट लागते?"

"लागते."

"दाब."

तिने दाबलं. गाडी शांत झाली.

"सोड."

सोडलं. चढली.

तिसऱ्या वेळी तिने आपणच दाबलं, सोडलं, दाबलं. बराच वेळ ती ते करत राहिली. लोकांना कंटाळा यायला लागला. गडग्यावरची पोरं उतरून गेली.

"त्या दिवशी हेच होतं, बाबा?"

"हेच. जुनं रबर आहे, कधीतरी फाटायचंच. तिठ्यावर फाटलं."

"आणि आई?"

"ती गुंगीत गेली. तू बघितलं असतंस तरी गेली असती. गाणं कुठलं लावलं होतंस?"

तिने सांगितलं. आनंदीच्या आवडीचं होतं. तीच लावायला सांगायची.

"मग ऐकत गेली," मी म्हटलं.

दर्शनाने अंगठा नळीवर तसाच धरला होता. मान वर करून तिने बाबूकडे बघितलं. "बाबूकाका, मी कोणाची माफी मागायची राहिलेय?"

बाबूने घसा साफ केला. म्हणाला, आता गरज नाही, काम झालं. त्याने नारळ उचलला, झटकला, दगडावर फोडला. एक कवड आमच्या उंबऱ्यावर ठेवली, दुसरी जनीच्या पिशवीत गेली.

मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि नितेशने पिळलेला स्क्रू परत फिरवला. आवाज खाली आला. तेवढाच जेवढा पूर्वी असायचा, आनंदीला दार उघडून बसवताना असायचा तेवढा. मी तिथे जास्त वेळ उभा राहिलो नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि नळीला ताणून गुंडाळली, वरून तार.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी विळे घेऊन आमच्या शेतात हजर. माफी कोणी मागितली नाही. उलट बाबूने बांधावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की गाऱ्हाणं कसं लागू पडलं, धूप आत कसा गेला, आणि भिकाने कसा अंगठा लावून आनंदीला निरोप दिला. चिखलातलं भात उचलताना ते सगळे माना डोलवत होते. मी ऐकलं आणि भारे बांधत राहिलो. त्यांना नळी दाखवून काय उपयोग होता? दुपारी जेवायला बायकांनी दर्शनाला गोलात ओढून घेतलं. ती बसली. भाजी वाटून घेतली. पण मी बघितलं, तिने आपला डबा मांडीवरच ठेवला, खाली मध्ये ठेवला नाही.

कापणी संपल्यावर नवी नळी आणायला रत्नागिरीला जायचं होतं. नितेश म्हणाला होता, मागवून देतो. मी म्हटलं, तुझ्या गाण्याच्या तालावर नको. दर्शनाने सकाळी चावी खुंटीवरून आपणच काढली. मी पुढे बसलो. मागे पडलेल्या त्या सीटवर पाठ टेकली, तर टपच दिसायला लागलं. आनंदी हेच बघत यायची-जायची. टपाला एका जागी अस्तर सुटून लोंबत होतं. तिने ते कधी सांगितलं नाही.

"सीट सरळ करून देऊ, बाबा?"

"असू दे."

हातखंब्याच्या तिठ्यावर रस्त्याचं काम अजून चालूच होतं. झेंडेवाल्याने गाड्या अडवल्या. दर्शनाने गिअर काढला, ब्रेक ओढला. इंजिन एका आवाजात चालत होतं. ट्यूबची पट्टी धरून होती. पुढे डंपर उलटा येत होता, माती उडत होती. ती दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून पुढे बघत होती. मी टपाकडे बघत होतो, मग डोळे मिटले.

"बाबा."

मी लगेच बोललो नाही.

"बाबा, झोपलात?"

डोळे उघडले तर ती पूर्ण वळून माझ्याकडे बघत होती. मागचा हॉर्न वाजवत होता, झेंडेवाला हात करत होता, तरी ती बघत होती.

"जागा आहे," मी म्हटलं.

सीटखाली हात घालून मी खटका ओढला. पाठ सरळ वर आली. तिला पुढे बघतानाही मी दिसेन असा बसलो.

"घे गाडी पुढे," मी म्हटलं.